अनुदानाचे चार घोडे

परभणी जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाची जर्मनीशी सोयरीक असते. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे त्याला बोबडं बोलायच्या वयातच पाठ होतं. हे कोणी म्हटलं, कधी म्हटलं आणि कशावरून म्हटलं, असं सेलूच्या बसस्टँडवर विचारलं तर चार जण पाच हकिकती सांगतात, आणि त्या पाचही एकमेकींना खोडून काढतात. खुद्द जर्मनीत मात्र या सोयरिकीची कोणाला खबर नाही.

सोलारच्या निमित्तानं ती पहिल्यांदा कामाला आली. जर्मनीत ऊन कमी. वर्षभराचा हिशोब मांडला तर परभणीला मिळतं त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त. तरी त्या लोकांनी 2000 साली कायदा केला की, जो छतावर सोलार बसवील त्याची वीज वीस वर्षं ठरल्या भावानं घ्यायची म्हणजे घ्यायची. सुरुवातीचा भाव युनिटला 99 फेनिग होता. पुढं मार्क जाऊन युरो आला, नव्याने येणाऱ्यांचा भाव उतरत गेला, पण तोवर छतं भरली होती. आता तर तिथं फ्लॅटमधली माणसं बाल्कनीच्या कठड्याला पॅनेल टांगतात. 800 वॅटपर्यंतचा मामला असेल तर वायर सरळ घरातल्या सॉकेटमध्ये खोचायची, की वीज घरात.

ही माहिती मी वालूरच्या पारावर मोठ्या अभिमानानं दिली. एक म्हातारबा शांतपणे ऐकत होते. म्हणाले, "म्हंजे आकडाच की! फक्त उलटा."

वालूर हे सेलू तालुक्यातलं मोठं गाव. कापूस, सोयाबीन, तूर आणि ऊन ही इथली मुख्य पिकं. पहिल्या तिन्हींचा हमीभाव निदान जाहीर तरी होतो. चौथं पीक आजवर फुकट जात होतं. 13 फेब्रुवारी 2024 रोजी प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना सुरू झाली आणि उन्हाला पहिल्यांदा भाव फुटला. देशातली एक कोटी घरं, 75,021 कोटींची तरतूद, महिन्याला 300 युनिटपर्यंत वीज मोफत. गावात आकडे ऐकायची सवय असते. 'मोफत' हा शब्द मात्र प्रत्येक वेळी नव्यानं ऐकला जातो.

अनुदानाचा हिशोब असा. पहिल्या दोन किलोवॅटला किलोवॅटमागं 30 हजार, तिसऱ्याला 18 हजार, एकूण 78 हजार. त्यापुढं तुम्ही दहा किलोवॅट बसवा, नाहीतर शंभर, सरकार 78 हजारांवर हात जोडून उभं. हे गणित थोरल्या काकांना काही केल्या उमजेना. त्यांना किलोवॅट कळत नाही, एचपी कळतो. आयुष्य मोटारीमागं गेलेलं. मग त्यांना घोड्यांत समजावलं. सूर्याच्या रथाला घोडे किती? सात. एका घोड्याचे 746 वॅट, म्हणजे सात घोड्यांचे सव्वापाच किलोवॅट. सरकारचं अनुदान तीन किलोवॅटला थांबतं, म्हणजे चार घोडे झाले. उरलेले तीन घोडे घरधन्याच्या खिशातून.

काका म्हणाले, "आन् शेतात?"

शेतात न्याय वेगळा. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत पाच एकराच्या वर रान असेल तर साडेसात एचपीचा पंप, आणि शेतकऱ्यानं भरायचे फक्त दहा टक्के; अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं पाच. काकांनी मनातल्या मनात बेरीज-वजाबाकी केली. "म्हंजे सूर्यनारायणाला सात आन् कापसाला साडेसात. सरकार बराबर करायलंय."

पंपाचं त्यांना पटतं, कारण पंपाचा फायदा पैशात मोजावा लागत नाही, झोपेत मोजता येतो. थ्री फेज रात्री यायची, म्हणून पाळीचं पाणी द्यायला रात्री दोनला बॅटरी घेऊन रानात जायचं, पायाखाली काय आहे ते देवाला माहीत. सौर पंप रात्री चालतच नाही. यंत्राच्या या एका अवगुणानं शेतकऱ्याला रात्रीची झोप मिळाली. घरावरच्या सोलारचं तसं नाही. तिथं प्रश्न थेट खिशाचा, आणि त्याहून आधी छताचा.

तीन किलोवॅटला साधारण तीनशे चौरस फूट मोकळी जागा लागते. वालूरच्या जुन्या आळीत अजून माळवदं आहेत. मातीचं, लाकडी तुळयांवर पेललेलं माळवद पावसाळ्याआधी चोपून घ्यावं लागतं. त्याला भोकं पाडून लोखंडी सांगाडा रोवा असं सांगणाऱ्या माणसाला घरची म्हातारी चहासुद्धा विचारत नाही. पत्र्याचं घर असेल तर पत्र्याखालचे अँगल किती जाडीचे यावर वाद. म्हणजे राहिला स्लॅब. ज्याच्याकडं स्लॅब त्याच्याकडं सूर्य, अशी गावाची सरळ विभागणी झाली.

आणि स्लॅब मोकळा असतो हा पुरुषांचा समज आहे. फेब्रुवारी उजाडला की स्लॅबचा ताबा बायकांकडं जातो. कुरडया, पापड, शेवया, सांडगे, बाजरीच्या खारोड्या, मग मिरच्या, मग हळद. वाळवणाचा हा कार्यक्रम मेच्या शेवटापर्यंत चालतो, आणि नेमक्या याच महिन्यांत सोलारवाल्या पोराला सर्वांत जास्त ऊन हवं असतं. आमच्या आत्याबाईंनी त्याला सरळ विचारलं, "तुझी वीज वर्षभर टिकते का? माझा पापड टिकतो." तो पोरगा डिप्लोमा झालेला होता, पण या प्रश्नाची तयारी अभ्यासक्रमात नव्हती.

त्यानं तोडगा काढला. सांगाडा आठ फूट उंच करू, वर पॅनेल, खाली वाळवण. वीसेक हजार जास्त पडतील. आत्याबाई दोन मिनिटं गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "खाली सावली पडंल की रे बाबा! सावलीत पापड वाळत असतं तर आम्ही वर कामून चढलो असतो?"

एका घरी यावर परस्पर उपाय निघाला. काच तापलेली, स्वच्छ पुसलेली, वरून तिरपी. कुरडयांना आणखी काय हवं? घरातल्या बाईनं धोतर अंथरलं आणि दोन पॅनेलांवर कुरडया घातल्या. आता सोलारच्या इन्व्हर्टरांना वायफाय असतं. छतावर किती वीज तयार होते ते मोबाइलवर जगात कुठूनही दिसतं. पॅनेलं एका माळेत जोडलेली असली की एकावर सावली पडून सगळी माळ मंदावते. हिंजवडीत ऑफिसात बसलेल्या मुलाला भर दुपारी आलेख धाडकन कोसळलेला दिसला. त्यानं आधी ढग आलेत का ते पाहिलं, मग कंपनीला फोन करणार होता, पण शेवटी अनुभवानं आईलाच लावला. "आई, पॅनेलवर काय वाळत घातलंय?" ती माउली अजून सांगते की, पोराला पुण्यात बसून कुरडया दिसतात.

दिशेचा आणखी एक गुंता आहे. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला, म्हणून पॅनेलचं तोंड दक्षिणेला हवं, आणि तिरपेपणा अक्षांशाइतका, म्हणजे आपल्याकडं एकोणीस-वीस अंश. ज्यांनी दार दक्षिणेला नको म्हणून घराची पाठ रस्त्याकडं केली आणि पन्नास वर्षं बोळातून ये-जा केली, त्यांच्या डोक्यावर पाच-सहा पॅनेलं यमाकडं तोंड करून बसणार. एका घरी भटजींना विचारलं. त्यांनी निर्वाळा दिला की, दक्षिणेकडून येतं ते वाईट, पण दक्षिणा आली तर चालते. त्यांच्या स्वतःच्या घरावर सोलार आधीच बसलेलं होतं.

छत मिळालं, दिशा ठरली, की कागद. राष्ट्रीय पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकायचा, नोंदणीकृत विक्रेता निवडायचा, तो बसवणार, महावितरणचा माणूस पाहून जाणार, नेट मीटर लागणार, मग रद्द केलेला चेक चढवायचा आणि अनुदान खात्यात. मात्र हे सगळं ज्याच्या नावावर मीटर त्याच्याच नावानं. आणि वालुरात, खरं तर मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात, मीटर आजोबांच्या नावावर असतं. आजोबा जाऊन पंचवीस वर्षं झाली. सातबाऱ्यावरून त्यांचं नाव तेराव्याच्या आत काढायची धावपळ झाली होती, कारण तिथं जमीन होती. मीटरवर बिल होतं, तेव्हा ते कोणी काढलं नाही. दर महिन्याला त्यांच्या नावानं बिल येत राहिलं आणि घर त्यांच्या आशीर्वादानं ते भरत राहिलं. आता आजोबांना आधार कार्डासह हजर करा म्हटल्यावर तीन भाऊ, दोन बहिणी, वारसांची संमती, शंभराचा की पाचशेचा बाँड यावर चर्चा, आणि धाकट्याचं म्हणणं की मीटर त्याच्या नावावर का नको. सूर्यावर सगळ्यांचा हक्क सारखा हे कोणालाही मान्य असतं. भांडण मीटरचंच होतं.

पॅनेलंही अनुदान हवं तर भारतात बनलेली पाहिजेत, आणि त्यातले सेलसुद्धा. तीन किलोवॅटला सगळं मिळून पावणेदोन ते दोन लाख सांगतात. म्हणजे 78 हजार वजा जाता लाख-सव्वा लाख घरचे. अनुदान मागून येतं, आधी भरायचे पूर्ण. बँका यासाठी वाजवी व्याजानं कर्ज देतात. सप्टेंबर 2025 मध्ये पॅनेलवरचा जीएसटीही बारावरून पाच टक्क्यांवर आला. इतकं सांगून झाल्यावर आमच्याकडं एक ठरलेला प्रश्न येतो: "आन् पुढच्या वर्षी अनुदान वाढंल का?" अनुदान वाढेल या आशेवर थांबलेल्या माणसाचं ऊन रोज बुडतं. पण रोज बुडणारं ऊन कोणाच्या वहीत लिहिलं जात नाही आणि संभाव्य पाच हजार मात्र डोळ्यांसमोर नाचतात.

खरं गणित लाईटबिलात आहे. एक किलोवॅट दिवसाला चारेक युनिट देतो. तीन किलोवॅटचे महिन्याला सव्वातीनशे-साडेतीनशे धरा. ज्याचं बिल अडीच हजार येतं, त्याचे लाख-सव्वा लाख चार वर्षांत फिटले आणि पुढची वीसेक वर्षं निव्वळ कमाई. ज्याचं बिल तीनशे रुपये, त्याला एक किलोवॅट बसवूनही पैसे वसूल व्हायला दहा वर्षं. विजेचा दर टप्प्याटप्प्यानं चढतो, पहिले शंभर युनिट सगळ्यांत स्वस्त. म्हणजे ज्यानं जास्त वीज जाळली त्याची बचत महाग युनिटांची. ज्याच्या घरी दोन एसी, त्याला सूर्य स्वस्त, आणि ज्याच्या घरी एक पंखा, त्याला महाग. आणि ज्यानं तारेवर आकडा टाकलेला, त्याला सोलार कोणत्याही अनुदानात परवडत नाही, कारण शून्यातून वजा काय करणार? मला या सगळ्या योजनेत हसू येतं ते इथं, आणि ते फार वेळ टिकत नाही.

राज्य सरकारच्याही हे ध्यानात आलं असावं. 2025 मध्ये 'स्मार्ट' म्हणून योजना आली. पूर्ण नाव स्वयंपूर्ण महाराष्ट्र आवासीय रूफटॉप योजना. दारिद्र्यरेषेखालच्या घराला एक किलोवॅटसाठी केंद्राचे 30 हजार, राज्याचे साडेसतरा हजार. पन्नास हजारांच्या संचाला घरचे फक्त अडीच हजार. महिन्याला शंभर युनिटच्या आत असलेल्या इतर गरीब घरांनी दहा हजार भरायचे, त्यातल्या अनुसूचित जाती-जमातींनी पाच हजार. हिशोब चोख आहे. अडीच हजार तर वर्षात सुटतात. फक्त या घरांपैकी कितींना स्लॅब आहे, हा प्रश्न पुन्हा जुन्या आळीत घेऊन जातो. माळवदाला अनुदान नाही.

काही जुनी माणसं मात्र अनुदान या गोष्टीकडंच दुरून पाहतात. त्यांनी गोबर गॅस पाहिलेला आहे. 1981-82 पासून देशभर बायोगॅसची मोहीम निघाली, त्या काळात परसात टाक्या बांधल्या गेल्या. पुढं ट्रॅक्टर आला, बैल गेले, म्हशी कमी झाल्या, आणि टाकीत घालायला शेण उरलं नाही. मग त्या टाकीत कधी कडबा, कधी लपाछपी खेळणारी पोरं. मागोमाग निर्धूर चूल आली. तिचा धूर स्वयंपाकघरातून गेला नाही, पण चूल गेली. अशा माणसाला सोलार सांगायला गेलं की तो विचारतो, "यात शेण कोण घालणार?" शेण लागत नाही म्हटलं की त्याचा संशय वाढतो. काहीच घालायचं नाही आणि तरी पैसे सुटतात, असा धंदा त्यानं आजवर फक्त पुढाऱ्यांकडं पाहिलाय.

जिल्ह्यागणिक एक आदर्श सौरग्राम निवडायचं, मोठ्या गावांत स्पर्धा, पहिल्याला एक कोटी, असंही जाहीर झालंय. साताऱ्यातली मान्याचीवाडी राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरली, तिचे फोटो पारावर फिरले. एका कोटीचं काय करायचं यावर चांगला तासभर खल झाला. पहिली सूचना अर्थातच प्रवेशद्वाराच्या कमानीची. दुसरी कमानीवरच्या लायटिंगची. तो पैसाही अपारंपरिक ऊर्जेच्या कामावरच घालायचा असतो हे कळल्यावर बैठक आपोआप बरखास्त झाली.

याच वालूरनं गाळात बुडालेली आपली जुनी चक्राकार बारव गेल्या काही वर्षांत स्वतः राबून मोकळी केली. गोल फिरत उतरणाऱ्या पायऱ्या पुन्हा उन्हाला लागल्या. तिथं पोर्टल नव्हतं, रद्द केलेला चेक नव्हता. सरकारी अनुदान नव्हतं म्हणूनच ते काम झालं, असं म्हणणारे गावात आहेत. मी त्यांच्यातला नाही. गाळ फावड्यानं निघतो. सिलिकॉनचा सेल श्रमदानातून निघत नाही.

असो. शेवटी गावात सोलार बसलं, एकाचं बघून दुसऱ्याचं. आणि पहिल्याच आठवड्यात लाईट गेली. डीपीवर काहीतरी फुटलं. दुपारचे बारा, डोक्यावर लख्ख सूर्य, छतावर दोन लाखांचा माल, आणि घरात पंखा बंद. शेजारी इन्व्हर्टरची जुनी बॅटरी असलेल्या घरात पंखा सुरू. घरधनी लालबुंद होऊन विक्रेत्याला फोन करतो, "अरे, सूर्य हाय की वर! मग लाईट कुठं गेली?" तिकडून समजूत निघते की, हे ऑनग्रीड आहे, तारेत वीज नसली की हेही बंद पडतं. नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या छतावरून शॉक बसेल. बॅटरीवालं घ्यायचं तर वेगळे पैसे, आणि बॅटरीला अनुदान नाही. वायरमनच्या जिवासाठी आपल्या घरचा सूर्य बंद होतो, ही गोष्ट माणूस म्हणून पटण्यासारखी आहे, पण 44 अंशांत पटायला वेळ लागतो. वायरमनची मात्र त्या दिवसापासून गावात किंमत वाढली. पूर्वी लाईट असली काय, नसली काय, तेवढं बिघडायचं नाही. आता लाईट गेली की घरधन्याचे युनिट बुडतात. सोलार बसवलेली माणसं महावितरणची सर्वांत कडवी पाठीराखी झालीत.

उन्हाचंही तसंच. पॅनेलची क्षमता 25 अंशांच्या हिशोबानं लिहिलेली असते. त्यापुढं दर अंशाला थोडी थोडी घटते. मेमध्ये परभणीचा पारा 44 गाठतो तेव्हा छतावरच्या पॅनेलचं अंग साठ-पासष्टच्या पुढं जातं आणि शंभरातले बारा-चौदा हिस्से नुसते उकाड्यात जातात. पॅनेलला मानवते फेब्रुवारी-मार्चची स्वच्छ, हवा खेळती असलेली दुपार. म्हणजे परभणीच्या ज्या उन्हाची आपण आयुष्यभर फुशारकी मारली, ते उन्हाळ्यात पॅनेललाही सोसत नाही. त्यानं मराठवाड्यात येऊन पहिली दोन वर्षं तरी तक्रार करावी, सगळेच करतात.

बिल शून्य येतं का? येत नाही. युनिट शून्य आलं तरी स्थिर आकार असतोच, तो शंभराच्या वर. 'मोफत' ऐकून बसवलेल्या एका काकूंनी ते बिल महिनाभर पदराला बांधून भेटेल त्याला दाखवलं. कोणी म्हणालं, "काकू, अडीच हजाराचं दीडशे झालं, आणखी काय पायजे?" त्या म्हणाल्या, "शून्य म्हणले होते."

सगळ्यात रंगतो तो मार्च महिना. दिवसा जास्तीची वीज ग्रीडला जाते, रात्री आपण परत घेतो, आणि उरलेले युनिट पुढच्या महिन्यात जमा. पण 31 मार्चला हिशोब बंद. जे उरले ते महावितरण घेतं, पण आपण बिलात मोजतो त्याहून बऱ्याच कमी भावानं. युनिटं वाया जाताहेत या विचारानं घरात जी घालमेल सुरू होते, तशी मी फक्त जिल्हा परिषदेत निधी परत जायच्या आठवड्यात पाहिली आहे. एरवी खोलीतून बाहेर पडताना बटण बंद कर म्हणून आयुष्यभर ओरडलेले काका आता रिकाम्या खोलीत कूलर लावून ठेवतात. गीझर चालू, मिक्सर चालू, भाच्याला बोलावून इलेक्ट्रिक स्कूटर चार्ज. बिल वाचवायला लाख रुपये घातलेला माणूस वीज कशी संपवावी या काळजीत.

मागच्या मार्चच्या अखेरीला शेजारच्या आळीतून एक जण काकांकडं आला. मुलीचं लग्न एप्रिलच्या पाच तारखेला, मांडवाला लायटिंग करायची होती. दारात चपला काढताना म्हणाला, "काका, तुमच्याकडं युनिटं लई साचलेत म्हणं. मांडवाची वायर टाकू का तुमच्याकडून?"

काकांनी कॅलेंडरकडं पाहिलं. म्हणाले, "टाक की, त्याला इचारायचं काय! पण लग्न 31 च्या आत घे."